धाकटीला हवामानाला घालावं का

तीर्थरूप मामा,
पायांवर डोकं ठेवतो. तुमचा गुडघा आणि मामींची कंबर एकाच वेळी दुखत नसावीत ही इच्छा. मी बरा आहे, म्हणजे उभा आहे.

धाकटीला इथे हवामानशास्त्राला घालायचं तुमच्या मनात, पोरगी लांब धाडायची नाही हे मामींच्या, आणि निकाल म्हणे माझ्या शब्दावर. नववीत शाळेला रामराम ठोकलेल्या भाच्यावर एवढा भरवसा! तर ऐका. मी या विभागात झाडतो, पुसतो, चहा देतो (वर्षातलं चौथं काम, पण टिकलोय). ही पोरं हवामान शिकतात म्हणजे दिवसभर गणितं सोडवतात. आभाळ बघायला कुणी खिडकीशी जात नाही. पुढे कुणाला विमानतळावर लागायचंय, कुणाला टीव्हीवर. टीव्हीवाली एक मुलगी रिकाम्या भिंतीवर हात फिरवून "इथे ढग, इथे ऊन" असा सराव करते. भिंत मी पुसतो.

गेल्या आठवड्यात पोरांनी फळ्यावर मुसळधार पावसाचा अंदाज लिहिला आणि खरंच धो धो कोसळला. सकाळी गच्चीवर गेलो, तर त्यांच्या पाऊस मोजायच्या भांड्यात पाणी साचलेलं. मी आपलं ते ओतून, घासून, फडक्याने कोरडं करून ठेवलं (नवीन माणूस, छाप पाडायची होती). मग पोरं वर आली. पाऊस शून्य. अख्खा वर्ग ओल्या चपलांनी बसून आपला अंदाज कुठे चुकला यावर दुपारपर्यंत भांडला. एकीला रडू फुटलं, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "भांडं मी धुतलंय." सर म्हणाले, "उद्यापासून तू मागच्या बाकावर बसायचं. काय धुवायचं नाही, तेवढं तरी कळेल."

तेव्हापासून झाडू ठेवून वर्गात, वर्गातून उठून परत झाडू. पाठीचे तुकडे पडलेत. हवेचा दाब सुरू झाला की तो थेट माझ्या पापण्यांवर येतो. तेव्हा मामींचंच खरं. धाकटीला पाठवू नका. हिशेबनीस करा, कोरडी तरी राहील.

तुमचा दमलेला भाचा

ता. क. : मामींना इथपर्यंतच वाचून दाखवा. धाकटीला पाठवा. काल सरांनी ढग कसा बनतो ते सांगितलं आणि मी शेवटपर्यंत जागा होतो. शाळेत हे कधी झालं नव्हतं.

ता. ता. क. : तिची दहावीची गणिताची पुस्तकं रद्दीत घालू नका, तिच्याच पेटीत तळाशी ठेवा. परीक्षेला बाहेरून बसता येतं म्हणे. मला शिकवायचं काम तिच्यावर आहे हे ती इथे पोचेपर्यंत बोलू नका, नाहीतर ती हिशेबनीस व्हायला एका पायावर तयार होईल.