ज्यांना नको म्हणता येत नाही

२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे. सुमात्रातल्या लाम्पुंगहून जावाला बोट, मग दोन बस, मांडीवर बापाकांच्या, माझ्या वडिलांच्या, औषधांची पिशवी आणि पायाशी भात शिजवायचं भांडं. कंपनीने दिलेलं घर दोन खोल्यांचं आहे, पण पडवीतून मेरबाबू डोंगर अख्खा दिसतो. बापाक खुर्चीत बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही. चालतात, जेवतात, सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. त्यांचे आजोबा याच मुलखातून सुमात्राला गेले होते. आज त्यांचे डोळे पाणावलेले पाहिले आणि वाटलं, ही नोकरी धरली ते बरं केलं. त्यांना इथे बरं वाटलं की मला दुसरं काही नको.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. कोंबड्या कापायच्या, पण त्याआधी त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, आणि ते बघायला मी. हसोत बिचारे.

३ सप्टेंबर, मंगळवार

सहाला ट्रक येतात. पेट्या उतरवून सावलीत ठेवायच्या, कोंबड्या चोची वासून धापा टाकताना दिसल्या तर पाण्याचा फवारा मारायचा. मग तासभर निळ्या दिव्यांच्या शेडमध्ये. निळ्या उजेडात कोंबडीला वाटतं संध्याकाळ झाली. ती मान आत ओढून गप्प बसते. दाणा आठ तास आधीच बंद केलेला असतो, पाणी मात्र शेवटपर्यंत. उचलायची ती दोन्ही हातांनी, एका पायाला धरून नाही. पंख किती मोडले ते मी तक्त्यात लिहायचं. कालपर्यंतचा आकडा पाहून मला लाज वाटली.

कोंबड्या फिरत्या साखळीच्या आकड्यांना उलट्या टांगायचं काम बू सारिनेमचं, म्हणजे सारिनेममावशीचं. पन्नाशीची बाई, हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. माझा पांढरा कोट बघून म्हणाली की म्बाक रात्मी, म्हणजे रात्मीताई, लग्नाला निघालीय की काय. सुरी पाक कास्मुरींची; पाक म्हणजे काका. साठी उलटलेला हा माणूस कोंबड्यांना दिसणार नाही अशा बेताने भिंतीआड धार लावतो आणि प्रत्येकीवर देवाचं नाव घेतो, तेही असं हळू की फक्त तिलाच ऐकू जावं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज माझी चांगलीच फजिती झाली. एका पेटीतल्या कोंबड्या काही केल्या बाहेर येईनात. मी वाकले आणि म्हणाले, मंग्गो.

सगळी शेड खो खो हसली. चूक माझीच. आमच्या जावी बोलीत मोठ्यांशी बोलायचे शब्द वेगळे, आणि लहानांशी, जनावरांशी बोलायचे वेगळे. लाम्पुंगला घरी मी आई-वडिलांशी बोलायची ती आदराची बोली तेवढी शिकले. बाकी सगळा कारभार इंडोनेशियनमध्ये. अरे-तुरेची जावी माझ्या जिभेवर कधी बसलीच नाही. आणि मंग्गो हा तर आदराच्या शब्दांचा राजा. या, बसा, घ्या, व्हा पुढे, सगळं त्या एकात. सारिनेमने विचारलं की पाहुण्यांसाठी चटई मी अंथरू का, आणि चहात साखर किती.

पण कोंबड्या आल्या. एकामागून एक, पंख न फडफडवता, स्वतःच्या पायांनी.

७ सप्टेंबर, शनिवार

मोडलेले पंख: शून्य. काल आणि आज, दोन्ही दिवस. मॅनेजर तक्ता घेऊन हिंडतोय. मी आता प्रत्येक पेटीशी मंग्गो म्हणते. हसेनात का, गुण आला ना.

दुपारी पाक कास्मुरींनी बाजूला बोलावलं. म्हणाले, पोरी, आपण दारावरून जाणाऱ्याला मंग्गो म्हणतो ते कशाच्या भरवशावर? तो असू दे, असू दे म्हणत पुढे जाईल म्हणून. खरंच आत येऊन बसला तर भातसुद्धा पुरायचा नाही. माणसाला नको म्हणता येतं. कोंबडीला येत नाही. ज्याला नको म्हणता येत नाही त्याला आग्रह करू नये, निदान या मातीत तरी नको. नुसतं ‘ये’ म्हण. ती ओरडेल, पळेल, तेवढा तिचा हक्क आहे.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं कोंबड्या कापणारा माणूस मला त्यांचा हक्क शिकवतो.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज पेट्या उघडायच्या आत त्या उभ्या होत्या. झाकण काढलं, मी शब्द उच्चारला, आणि त्या रांगेने शेडमधून टांगायच्या जागेपर्यंत चालत गेल्या. सारिनेमपाशी थांबल्या. सारिनेम आज एकदाही हसली नाही.

सुरीपाशी तर भलतंच. एरवी कोंबडी मान आखडून घेते. आजच्या कोंबड्या मान लांब करून धरत होत्या, डोळे उघडे ठेवून. पाक कास्मुरींनी सुरी खाली घेतली. मला म्हणाले, तू त्यांना मान दिलास, आता त्या मान देतायत. नंतर सुरी पुसून ठेवली आणि जेवणानंतर परत आले नाहीत.

मी उद्यापासून ‘ये’ म्हणणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार

‘ये’ म्हणून पाहिलं. काही फरक नाही. आता मी काहीच म्हणत नाही, तरी येतात. सुरीवर नवा माणूस आहे. त्याला हे फार सोयीचं वाटतं.

घरी आले तर बापाक जेवलेले नाहीत. भात, सोयाबीनचे टेंपे, फणसाची भाजी, सगळं झाकलेलं तसंच. पाणी मात्र प्यायले होते. मी घास पुढे केला. मंग्गो, बापाक. पुन्हा मंग्गो. परत मंग्गो. त्यांनी मान आत ओढून डोळे मिटले. पडवीत शेजारच्यांच्या सात कोंबड्या रांगेत बसल्या होत्या, बापाकांच्या खुर्चीकडे तोंड करून.

तीन वेळा म्हणाले मी तो शब्द. तीन वेळा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीही नाही जेवले. फक्त पाणी.

लाम्पुंगला दोन वर्षं रोज म्हणत होते, तिथे तो नुसता शब्द होता. इथे आल्यापासूनही म्हणतेय, आणि इथे तो लागू होतो. आणि त्यांना नको म्हणता येत नाही. मीच त्यांना इथे आणलं.

सारिनेमकडे गेले. म्हटलं, मला अरे-तुरे शिकव, बापाकांशी बोलायचंय. आधी हसली, मग माझं तोंड बघून पदराने हात पुसले आणि शिकवलं. ये, खा, बस, थांब. म्हणाली, भांडायला आल्यासारखं म्हण म्बाक, गोड म्हणालीस की घात झाला. त्यांना दरडाव, पाप लागलं तर माझ्यावर घाल.

१४ सप्टेंबर, शनिवार

म्हटलं. ‘ये. बस. खा.’ जीभ जड झाली, पण म्हटलं. बापाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या थोबाडीत दिली. मग त्यांनी तोंड उघडलं. दोन घास खाल्ले. दोन! मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग ते उठले. दार अरुंद आहे, मी वाटेत होते. बाजूला झाले, आणि सवयीने कंबरेत वाकून —

व्हा पुढे म्हणायचं होतं. दुसरा शब्दच नाही आमच्याकडे.

बापाक पुढे झाले. पडवी, पायरी, रस्ता. थांबले नाहीत. कत्तलखान्याच्या फाटकाशी हाताला धरून परत आणलं. कोंबड्या मागे चालत होत्या.

१५ सप्टेंबर, रविवार

दाराला बाहेरून कुलूप. दिवसभर त्यांच्यासमोर बसून ‘खा’ म्हणतेय. शिव्यासुद्धा दिल्या, देवा, वडिलांना. आता त्यांना ऐकूच येत नाही.

मान लांब करून बसलेत.

पाक कास्मुरींच्या गावी निरोप पाठवला. उलट निरोप आला — बोलावलेला पाहुणा परत पाठवता येत नाही. तुला कुणी बोलावलं, तर तू मात्र नको म्हण. लगेच म्हण.

मीही आज जेवले नाही. विसरले.

१६ सप्टेंबर

कुलूप तसंच आहे. खुर्ची रिकामी. खिडकी —

निळ्या शेडमध्ये आहेत. मी इथेच पेटीवर बसून लिहितेय, लिहीत राहिले म्हणजे डोकं ठिकाणावर — सगळ्या पेट्या उघड्या. जमीन दिसत नाही, इतक्या कोंबड्या. मध्ये बापाक, जमिनीवर, मान आत ओढून. हात धरून ओढलं, हलत नाहीत. पलीकडे साखळी सुरू झाली —

त्यांनी डोळे उघडले. तोंड उघडलं. दोन वर्षांनी. आवाज तोच, त्यांचाच.

म्हणाले, मंग्गो.

मला. आपल्या लेकीला. बाप लेकीला असं कधी —

सारिनेम दारातून ओरडतेय. ऊठ गं भवाने, चालती हो तिथून. लांबून येतोय तिचा आवाज —

मला बोलता येतं. मी म्हणू शकते. दोनच अक्षरं. आधी लिहिते, मग म्हणते —

इथे गार आहे. संध्याकाळ झाली वाटतं. बापाक सरकून जागा करतायत. म्हणायचंय मला, म्हणते, बापाक, न