छपराखाली छत्री

मेडनहेड, इंग्लंड,
गुरुवार, २३ एप्रिल

प्रिय राजेंद्र,

सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? कूलरला नवीन खस बसवलीस का? तिकडे पारा बेचाळीसवर गेल्याचं वाचलं. माझ्या घराला चक्कर मारतोस ना? मागच्या फोनवर तू "सगळं ठीक आहे भाऊजी" म्हणालास, पण ज्या घाईनं म्हणालास तिच्यावरून मला जरा शंका आली. असो. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुझ्या बहिणीला चार दिवसांपासून खोकला आहे. घाबरू नको, ताप नाही, काढा चालू आहे. पण हा खोकला कसा लागला, किंबहुना कोणी लावला, त्यासाठीच हे पत्र. (कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. फोनवर बोललो तर या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, सगळ्यांना ऐकू जातं.)

आधी एक सरळ प्रश्न. जानेवारीत आम्ही निघालो तेव्हा माझी बॅग तू बांधलीस, आणि माझी लेव्हलची नळीही तूच गुंडाळून आत ठेवलीस. त्या वेळी तिला कुठे चीर, भोक, काही दिसलं होतं का? तुझ्यावर माझा संशय नाही. असता तर पत्र लिहिलं नसतं, नोटीस पाठवली असती. पण त्या नळीवर मी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत पाणी. दोन टोकं कितीही लांब न्या, पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीला उभं राहतं, माणसासारखी बाजू घेत नाही. त्या पाण्याला बघून खुणा केल्या आणि शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, समाजमंदिरं बांधली. काशीनाथ वासनिकचं एकही छप्पर आजपर्यंत गळलं नाही, हे सगळ्या नागपूर जिल्ह्याला ठाऊक आहे. आता हे मेडनहेडला कोणी पटवायचं?

झालं असं. आपली अक्षरा, म्हणजे आमच्या रचनाची पोरगी, इथे बेसबॉल खेळते. क्रिकेटच्या देशात जन्मून पोरीनं बेसबॉल का धरला, ही माझी पहिली शंका होती, तिचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. गावाबाहेर एका उतारावर त्यांच्या क्लबचं मैदान आहे आणि बघणाऱ्यांसाठी लाकडी बाकांच्या तीन रांगा. वर आभाळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरं प्रॅक्टिस करत होती आणि आम्ही दोघं त्या बाकांवर बसून हळूहळू निळे पडत होतो. तुझ्या बहिणीला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कोणी पळालं की टाळ्या वाजवते, आपलं का त्यांचं ते बघत नाही. पण एक रविवार चुकवेल तर शपथ. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, त्यावर शाल, त्यावर दुसरी शाल, आणि बाई हजर.

तर मार्चच्या सुरुवातीला कमिटीची मीटिंग भरली. विषय: या थंड मुलखात बेसबॉलच्या मैदानाला छप्पर असावं की नसावं. राजेंद्र, दोन तास बोलले रे ही माणसं! क्लबचे चेअरमन म्हणाले की हा उघड्या आभाळाखालचा खेळ आहे, ज्याला थंडी वाजते त्यानं जाड कोट घालावा, आणि छपरानं ऊन अडेल. कोणतं ऊन, हे मी विचारलं नाही. जानेवारीपासून मी ते तीनदा पाहिलं, त्यातलं एकदा टीव्हीवर. आपण जन्मभर छप्पर घातलं ते ऊन अडावं म्हणून, आणि हे घालत नाहीत तेसुद्धा ऊन अडू नये म्हणून! तिथे एक अमेरिकन गृहस्थ होते. ते म्हणाले की त्यांच्याकडे थंड शहरांत काही ठिकाणी सबंध मैदानावर छप्पर असतं, मोटरनं उघडतं आणि मिटतं. मी विचारलं, किल्ली कोणाजवळ असते? सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पावसाच्या ऐन वेळी किल्लीवाला चहा प्यायला गेला तर काय करायचं?

शेवटी ठरलं की मैदान राहू द्या, निदान बाकांवर छप्पर घालून एक सीझन बघू, अडचण वाटली तर काढून टाकू. एवढ्यात आमचे जावई उठले. अनुप कमिटीवर आहे, आणि मुलांच्या टीमचा मॅनेजर त्यालाच करायचं घाटत होतं. पोरगं तीन वर्षं त्यासाठी दर शनिवारी चुन्याच्या रेघा मारतंय. तो म्हणाला, माझे सासरे इंजिनियर आहेत, त्यांची छपरं गळत नाहीत, त्यांच्या देखरेखीखाली आपणच बांधू. जावई भर सभेत सासऱ्याचं कौतुक करतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सामान आलं. लाकडी खांब, टिनाचे पत्रे, मागच्या बाजूला पन्हळ. उतार मागे द्यायचा, पाणी मागच्या पन्हळीत जाईल, बघणारे कोरडे. अनुप कुठूनसं लेझरचं यंत्र घेऊन आला, भिंतीवर लाल रेघ मारणारं. मी म्हटलं, बाबा रे, उजेडावर भरवसा ठेवायचा आणि पाण्यावर नाही? ते यंत्र परत ठेवायला लावलं. शनिवारी संध्याकाळी नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले, दोन्ही टोकं मागच्या खांबाला शेजारी शेजारी बांधून ठेवली आणि उरलेलं वेटोळं पोत्याखाली झाकलं. रात्रभरात पाणी निवतं, हा माझा नेहमीचा रिवाज. रविवारी सकाळी गेलो तर गवत पांढरंफेक, पायाखाली कुरकुर वाजत होतं. एक टोक सोडून पुढच्या खांबाला नेलं. नळी जरा कडक झाली होती (थंडीत माणूस कडक होतो, नळीचं काय!) पण पाणी? आहाहा! नागपुरात ते पाच मिनिटं वरखाली नाचतं, इथे तसूभर हललं नाही. मी अनुपला म्हटलंसुद्धा, बघ, या देशात पाण्यालासुद्धा शिस्त आहे. दहा मिनिटांत खुणा केल्या. खुणांवर अनुपनं करवत चालवली. मैदानालाच उतार, त्यामुळे नुसत्या डोळ्याला काही कळत नव्हतं. अक्षरा मात्र खाली उभी राहून म्हणाली, "आजोबा, तुमचा छप्पर वाकून बघतो का?" मी तिला म्हटलं, आधी मराठी नीट शिक.

त्यानंतर मी रोज थर्मासमध्ये चहा घेऊन त्या छपराखाली जाऊन बसत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. आल्यापासून पहिल्यांदा या देशात काहीतरी माझं होतं.

मग आला मागचा रविवार, पहिली मॅच आणि छपराचं उद्घाटन. कौन्सिलच्या एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, टोपीबिपी घालून. पहिल्या रांगेत मधोमध त्यांच्यासाठी बाकाऐवजी खुर्ची, तिला फीत बांधलेली. आता ऐक. तुझी बहीण सगळ्यांच्या आधी गेली आणि फीत सोडून त्याच खुर्चीवर बसली. आणि पावसाचा एक थेंब पडला नसताना तिनं छत्री उघडली. छपराखाली! नवऱ्याच्या छपराखाली, शंभर गोऱ्यांच्या देखत! रचना धावली, आई उठ म्हणाली. ही ढिम्म हलली नाही. "माही कंबर धरली" म्हणाली. (पाच मिनिटांपूर्वी हीच बाई गाडीतून खुर्च्या उतरवत होती.) बिचाऱ्या कौन्सिलच्या बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अर्ध्या तासात पाऊस आला. राजेंद्रा, सगळ्या छपराचं पाणी मागे न जाता पुढे आलं आणि पडदा सोडल्यासारखं पहिल्या रांगेवर कोसळलं. मागची पन्हळ कोरडी ठणठणीत. तुझी बहीण छत्रीखाली, पण कंबरेच्या खाली न्हाऊन निघाली. तिकडे अक्षराच्या हातातला चेंडू तसाच राहिला, ती "आजी!" म्हणून ओरडली आणि समोरची टीम तेवढ्यात पळून पॉइंट घेऊन गेली. तुझ्या बहिणीनं त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

मी सोमवारपासून चौकशी सुरू केली. अनुपला विचारलं, खुणेवरच कापलंस ना? तो "हो बाबा" म्हणाला आणि गप्प झाला. निर्दोष माणूस गप्प बसत नाही, हा माझा अनुभव आहे. मी चेअरमनना ईमेल केला की खुणा अचूक होत्या, कापण्यात दोष असावा. त्यांचं दोन ओळींचं अतिशय सभ्य उत्तर आलं (ते वाचूनच मी सावध झालो) की अनुपनं स्वतःच चूक कबूल केली आहे, मॅनेजरपदावरून नाव मागे घेतलं आहे, आणि छप्पर ठेवायचं की काढायचं ते येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठरेल.

म्हणजे गुन्हेगार सापडला! पण मग तो रोज सकाळी त्याच तोंडानं मला चहा आणून का देतो? आणि तुझ्या बहिणीला छत्री उघडायचं आधीच कसं सुचलं? सासू आणि जावई संगनमतानं वागताहेत, यात मला तिळमात्र शंका नाही. उतारवयात माझं नाव खाली आणायचं, एवढाच हेतू दिसतो. तू तिचा धाकटा भाऊ आहेस, तुला ती सांगते. फोन करून खोकल्याची चौकशी कर आणि बोलता बोलता छत्रीचा विषय काढ. माझं नाव घेऊ नको.

कूलरमध्ये पाणी ओतताना वाकू नकोस.

तुझा,
काशीनाथ

ता. क. फोटो काढण्याआधी एकदा नळी तपासावी म्हणून गॅरेजमध्ये गेलो. नळीला कुठेही भोक नाही. तुझ्यावरचा संशय मागे घेतो, जो मी घेतलाच नव्हता. मी नळीत पाणी भरतोय तोवर तुझी बहीण खोकत खोकत मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आता काहून भरता? त्या दिवशी मी नळी घरी आणून बाथटबमध्ये टाकली होती ना, ती गुंडाळायला हिनं उचलली तर दोन्ही टोकांतून बर्फाच्या कांड्या घसरून पडल्या म्हणे. टबात ठणठण वाजल्या. राजेंद्र, पाणी शिस्तीत उभं नव्हतं रे. गोठलं होतं! चौतीस वर्षांत नागपूर जिल्ह्यात माझी नळी कधी गोठली नाही, माझ्या डोक्यात येणार कसं? हिनं अनुपच्या कानावर घातलं. त्यानं लपूनछपून लेझर लावून पाहिलं, तर पुढची बाजू मागच्यापेक्षा चार बोटं खाली. दोघं मिळून गुपचूप दुरुस्त करणार होते, पण मी थर्मास घेऊन तिथून हलतच नव्हतो. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? तर म्हणाली, "सांगतलं असतं तं तुम्ही त्याच थंडीत पुन्हा सिडीवर चढले असते. वय काय तुमचं?" आणि पाऊस नाही आला तर प्रश्न मिटला, आलाच तर पाहुणीच्या अंगावर पडण्यापेक्षा आपल्या अंगावर पडलेलं बरं, असा तिचा हिशोब.

ता. क. २. वरचं पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. आता खरं काम. रविवारच्या मीटिंगमध्ये मला उभं राहून सांगायचं आहे की चूक माझी आहे, अनुपनं खुणेवरच कापलं, आणि त्याचं नाव पुन्हा घ्यावं. पुढचे खांब उंच केले की छप्पर ठीक होईल, हेही. एरवी माझं इंग्रजी अनुप नीट करून देतो, पण या वेळी त्याला सांगता येत नाही. तू हेडक्लार्क होतास. शनिवारपर्यंत चार ओळींचा मसुदा फोनवर पाठव. 'सॉरी' एकदाच घाल, पण असा घाल की अनुपलाही कळेल. मी आयुष्यात कधी लिहिलेला नाही, तेव्हा कुठे घालतात ते मला ठाऊक नाही. पोराच्या तोंडाकडे बघवत नाही रे.

ता. क. ३. तुझ्या बहिणीनं हे सगळं वाचलं. मी तिला म्हटलं, रविवारी तू घरी आराम कर, खोकला आहे. ऐकत नाही. मी बोलायला उभा राहीन तेव्हा ती पहिल्या रांगेत बसणार आहे म्हणे. छत्री घेऊन.