तुम्ही छाटलेली नासपती

बाबा,

टोपली न्यायला घरी आले, तर तुमच्या खोलीचं दार अजून बंदच. जागे आहात, खोकला ऐकू येतोय. म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सरकवतेय. चहा थर्मासमध्ये आहे. गोळी आधी घ्या.

आज इमारतीमागच्या बागेत तोडणी आहे. तुम्ही विचारलं नाहीत, मीही बोलले नाही. पण आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही ज्या नासपतीचा पार बुंधा करून ठेवलात, शेजाऱ्यांनी नको नको ते ऐकवलं आणि तुम्ही बागेची वाटच सोडलीत, ते झाड बघून मी जागीच थबकले. बाबा, फळांपुढे पानं दिसत नाहीत! फांद्या जमिनीला टेकायला आल्यात, सहा बांबूंचे टेकू दिलेत. तुम्हाला तोंडावर कसाई म्हणणाऱ्या शिंपीकाकू खोडावर हात ठेवून गप्प उभ्या आहेत. त्यांना गप्प मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

बाकीची झाडं उरकली. याला मात्र कुणी हात लावत नाही. नियम तुम्हीच घातलात ना, ज्याने छाटलं त्यानेच पहिलं फळ काढायचं?

मी म्हटलं, "ते नाही यायचे." तर काकू म्हणाल्या, "झाडाने तीन वर्षं धीर धरला, आपल्याला तासभर जड आहे का?"

सगळे रिकाम्या टोपल्या घेऊन उभे आहेत, बाबा. कुणी बसतसुद्धा नाही.

शिडी मी धरते.