चपलेच्या आत

सर, तुम्ही दिलेला स्टीलचा चमचा अजून माझ्या कामाच्या पेटीत आहे. गुन्ह्याच्या जागचे ठसे उचलायच्या कामात तुमच्या हाताखाली मी नवी होते. बोईसरच्या त्या गोदामामागे चिखलात बुटाचपलांचे ठसे उमटले होते, आणि पहिल्याच ठशावर मी प्लास्टर उंचावरून ओतलं. टाचेची कडा ढासळली. सगळ्या हवालदारांसमोर तुम्ही म्हणालात, "हात आहेत की फावडी?" शेजारचा ठसा मग तुम्हीच घेतलात, चमच्यावरून प्लास्टर हळूहळू सोडत, आणि दुसऱ्या दिवशी तो चमचा माझ्या टेबलावर होता. आधी चारचौघांत लाज काढायची, मग वस्तू द्यायची. मला तुमचा राग यायचा. अजून येतो.

गोदामाच्या रखवालदाराचं डोकं फोडून चोर पळाला होता. आठवड्याने मनोरपलीकडच्या पाड्यावरचा एक मजूर पकडून आणला. त्याच्या चपलेच्या टाचेला तिरपी चीर होती, तीच तुम्ही घेतलेल्या ठशात. चप्पल तीच, यात शंका नव्हती. त्याची बायको मात्र चौकीच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होती, "चप्पल त्याची नाय साहेब. चोरी झाली त्याच्यानंतर लग्नाला गेलता, तिथं मांडवाबाहेर बदलली. उरली ती घालून आला." मांडवाबाहेर चपला बदलणं आपल्याकडे कुणाला नवं आहे? आणि तुम्हीच शिकवलं होतंत, तळावरून फक्त चप्पल कळते, माणूस शोधायचा तर आत बघायचं, पायाच्या बोटांनी पाडलेले खळगे बघायचे.

अहवालात मात्र एकच ओळ गेली, ठसा या चपलेचाच आहे. खाली तुमची सही. तो चार वर्षं तुरुंगात होता. गेल्या आठवड्यात मनोरच्या बाजारात दिसला, सुक्या बोंबलांचा भाव करत होता, पायांत काहीच नव्हतं. त्याने मला ओळखलं नाही. मी तशीच पुढे गेले.

सरांनी चपलेच्या आतलं दडपलं, असं मी इतकी वर्षं सांगत आले. तुम्ही गेलात, खोडून काढायला कुणी उरलं नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलं. ती चप्पल मी पाहिली होती, सर. आतले खळगे जुने, खोल, मोठ्या पायाचे होते. त्या मजुराची बोटं तिथवर पोचतच नव्हती. पण पोलिसांनी आरोपी सापडल्याचं सांगून टाकलं होतं, आणि त्याच हवालदारांसमोर पुन्हा वेडी ठरायची मला धास्ती होती. सही करण्याआधी चष्मा वर सारून तुम्ही विचारलंत, "आत बघितलंस?"

मी म्हणाले, "बघितलं सर. काही नाही."