दमयंतीच्या पाळीवर माझे निसर्गोपचार

४ जानेवारी १९८७
दमयंती पुन्हा आडवी. आज दुसरा दिवस. गरम पाण्याची पिशवी पोटाशी, तोंड भिंतीकडे. लग्नाला सहा वर्षं झाली, दर महिन्याला हेच. मी तिला बाजूला बसवत नाही. बोईसरमध्ये असे नवरे किती असतील?
निश्चय: गोळ्या बंद. कंपनीच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढलीत, केमिकलचं मला कुणी शिकवू नये. उद्यापासून काळे तीळ, मेथी, आलं. चहा बंद. रोज तीन किलोमीटर चालणं. तीन महिन्यांत पाळी आली कधी, गेली कधी, कळणारही नाही.

१२ जानेवारी, सकाळी ६
चालायला निघालो. दमयंती रेल्वे फाटकापर्यंत आली आणि रस्त्याकडेला बसली. गरगरतं म्हणाली. इच्छाशक्ती कमी. मी तीन किलोमीटर पुरे केले.

१ फेब्रुवारी
पाळी आली. ओरडली. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. गोळी मागत होती, दिली नाही. शरीर साठलेली घाण बाहेर टाकतंय. लक्षण चांगलं आहे.

२ फेब्रुवारी
मैनाबाईने (आमच्याकडे भांडी घासते) दारात अडवलं. म्हणाली, "सायेब, बाईला डाक्टरकडं न्या. एवढं रगत जाणं बरं नाय."
तिला सोप्या भाषेत आहारशास्त्र समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेथीनं रगत थांबत नाय."
अडाणीपणाला काय करणार.

८ फेब्रुवारी
दमयंतीचा भाऊ रामनाथ चिंचणीहून आला. वाडीतले चिकू आणले. पालघरला चांगली लेडी डॉक्टर आहे, दाखवून येऊ म्हणाला. मी म्हटलं, तीन महिने तरी द्या. डॉक्टर लोक उठसूट कापाकापीचं बोलतात आणि आम्हाला अजून मूल व्हायचंय. त्याने दमयंतीला विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे म्हणतील तसं."
विश्वास असावा तर असा.

१ मार्च
पाळीचा दुसरा दिवस आणि तक्रारीचा एक शब्द नाही! उभ्याने स्वयंपाक केला. चेहरा जरा पांढरा, पण शांत. उपचार लागू पडला. आपल्याला आधीच का सुचलं नाही?

६ मार्च
कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. कॉलनीच्या महिला मंडळाने व्याख्यानाला बोलावलंय, २८ तारखेला. पुढेमागे पुस्तिका काढायला हरकत नाही.

१५ मार्च
गादीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली. सगळी रिकामी. मैनाबाई आणून देत होती. दमयंतीला जाब विचारला.
"तुम्हाला बरं वाटत होतं ना," म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही.
फार लागलं मनाला. मैनाबाईला कामावरून काढलं. व्याख्यान रद्द करत नाही. माणूस पथ्य मोडतो म्हणून पथ्य खोटं ठरत नाही.

२८ मार्च
सकाळी दमयंती उठली नाही. पाळीचा पहिला दिवस. उशाशी आल्याचा काढा ठेवून निघालो.
व्याख्यान उत्तम. सतरा बायका. टाळ्या. एकीने विचारलं, मिसेस नाही आल्या? घरी जरा पडून आहे म्हणालो.
परत आलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, मैनाबाई सहज डोकावली तर दमयंती स्वयंपाकघरात बेशुद्ध. तिनेच रिक्षा बोलावली, तिनेच मांडीवर डोकं घेऊन पालघरला नेलं. आता पालघरला निघतोय. अशक्तपणा असेल.

२९ मार्च, पालघर
काल संध्याकाळीच ऑपरेशन झालं. शेजाऱ्यांनी रामनाथला कळवलं होतं, मी पोचायच्या आधी त्यानेच सही केली होती. पोटात गाठ फुटली. दुसऱ्या गाठी गर्भपिशवीत, रक्त थांबेना. पिशवी काढावी लागली.
डॉक्टरीणबाईंना आहाराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साध्या दुखण्याला आलं, शेक, चालणं, सगळं चांगलं. हे साधं नव्हतं. दोन महिने आधी आणलं असतं तर कदाचित पिशवी वाचवता आली असती."
कदाचित म्हणाल्या. खात्रीने नाही.
मैनाबाई बाकावर बसून होती. साडीला रक्त.

२६ एप्रिल
चिंचणीला गेलो. दमयंती तिथेच आहे. ओटीवर बसवलं मला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, भिंतीला धरून. दुखतं का, विचारलं.
"नाही," म्हणाली. "आता कधीच दुखणार नाही."
घरी कधी येणार, ते विचारायला गेलो होतो. तिने रामनाथला हाक मारली. "दादा, ह्यांना पाचची एस्टी मिळेल का बघ." आणि आत गेली.

आठ वाजता घरी. भात लावला.
मीठ कुठे असतं, माहीत नाही. सगळे डबे उघडून पाहिले. तसाच खाल्ला.