शेवटचा बार

दि. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी अप्पा खांद्यावर स्टूल घेऊन दारात उभे राहिले आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. तू म्हणशील, स्टूल ते काय आणि सगळं बदललं ते काय. पण ते स्टूल आपल्या जन्माआधीपासून कारखान्यातल्या खिडकीसमोर होतं. ते कधी घरी येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आई बाहेर आली, स्टुलाकडे बघितलं आणि काही न विचारता भिंतीशी जागा करून दिली.

पेपरात वाचलंच असशील. कंपनीचं दिवाळं निघालं. कोर्टाने नेमलेला एक साहेब प्रत्येक खोलीला लाखेचं सील ठोकत फिरतोय. अप्पांनी त्याला विचारलं की स्टूल कंपनीचं की माझं. कुणालाच माहीत नव्हतं, तर तो म्हणाला घेऊन जा. अप्पा म्हणतात, इतक्या वर्षांत कारखान्यात इतक्या झटपट लागलेला हा पहिलाच निकाल.

भावोजींना एकदा अप्पांचं काम समजावून सांग. त्यांना अजून वाटतं की अप्पा दिवसभर बंदुका उडवतात. त्यांना सांग की खिडकीच्या काचेवर एक काळी रेघ रंगवलेली असते. बंदुकीची नळी डोळ्याला लावून रेघेकडे धरली की तिची सावली नळीत दोऱ्यासारखी उतरते. दोरा तुटलेला दिसला की नळी तिथे वाकडी, तिथेच हातोडीचा हलका ठोका. एवढंच. आता घरात अप्पा झाडूची दांडीसुद्धा डोळ्याला लावून बघतात.

आता माझं. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी पॅकिंगला लागलो ते बंदुकांच्या प्रेमाने नव्हे, हे तू ओळखलं होतंसच. बारमास्तर आठवतात ना, तयार नळीत जास्तीची दारू भरून पहिला बार उडवून बघणारे? त्यांच्या धाकटीसाठी. ती तेलाच्या खोलीत होती. लाकडी दस्त्यांना तिथे तळहाताने तेल चोळतात, फडक्याने नाही, कारण हाताच्या उबेनेच ते लाकडात मुरतं. तिचे तळवे अक्रोडाच्या रंगाचे झालेत. कितीही धुतले तरी तसेच. ती ते लपवते आणि मला तेच बघत बसावंसं वाटतं. आता कारखानाच नाही तर मी तिच्या वडिलांसमोर कोण म्हणून उभा राहू?

कॉलेजला परत जा एवढं मात्र लिहू नकोस. बाकी काहीही लिही.

भांडलो तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ


दि. ११ फेब्रुवारी

चि. छर्‍यास,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवत होते. दिवाळं, सील, अप्पा सगळं आटोपलं आणि पुढे तळव्यांवर तळवे सुरू झाले, तेव्हा मी खोकून पान उलटलं.

अप्पांची काळजी वाटते. त्यांना दांड्या बघू देत, हसू नकोस. आणि तू कोण म्हणून उभा राहणार, हे त्या मुलीला विचारलंस का? नसशीलच. तुझी लहानपणापासूनची रीत अशी की आधी उडायचं आणि मग कुठे लागलं ते शोधायचं. म्हणून तर अप्पांनी तुझं नाव छर्रा ठेवलं. एकदा तरी आधी विचार.

तू बजावलं आहेस म्हणून कॉलेजचं लिहीत नाही. इथल्या कॉलेजात भावोजींची ओळख आहे, हेही लिहीत नाही.

आईला सांभाळ. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
तुझी ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं ते क्रमाने लिहितो.

गिऱ्हाईक आलं. मोठी कंपनी आहे. अर्धवट राहिलेला एक लॉट पुरा करून विकायचा म्हणून जुन्या लोकांना थोडे दिवस परत बोलावलं. अप्पा स्टूल घेऊन गेले, तेव्हा चेहरा बघायला हवा होतास. लॉट पाहून गिऱ्हाईक ठरवणार की कारखाना चालू ठेवायचा की नुसतं नाव विकत घेऊन दुसरीकडच्या बंदुकांवर ठोकायचं. मला काही बोलावलं नाही. पॅकिंग कुणीही करतं.

गिऱ्हाइकाचा एक पुतण्या आहे, इंजिनीअर. तो आल्यापासून बारमास्तरांकडे जेवायला जातो. एकदा नव्हे, रोज. आणि काल तेलाच्या खोलीतली मावशी तिचा निरोप घेऊन आली. तोंडाला पदर लावून हसत होती. निरोप असा की येत्या शनिवारी आमच्याकडे शेवटचा बार उडणार आहे, तू नक्की ये, उशीर करू नकोस.

तिच्या थोरल्या दोघींची लग्नं झालीत. ही शेवटची. ताई, मला तिने स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण मावशीच्या हातून, हसत हसत धाडलं.

मी तसाच उठून त्यांच्या गल्लीत गेलो. बारमास्तर पायरीवर बसले होते, शेजारी तो पुतण्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की कारखान्याबरोबर पोरगीही लिलावात काढलीत का, आणि बोली कितीवर गेली. खिडक्या उघडल्या. बारमास्तरांनी मान वर केली. कानांनी अधू आहेत, पण हे त्यांनी ऐकलं. ती दारात आली होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

शनिवारी मी जाणार नाही. माझं चुकलं असं लिहू नकोस.

तुझ्या मायेवर सध्या सगळा भार आहे.
तुझा भाऊ


दि. २८ फेब्रुवारी, शनिवार

चि. छर्‍यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज दुपारी हाती पडलं आणि मी हातातलं काम टाकून लिहायला बसले. हे पोचेपर्यंत शनिवार उलटून गेलेला असणार, हे कळतंय. तरी लिहिते.

अरे, बंदुकांच्या घरात जन्मलास आणि बार म्हटल्यावर तुला लग्न आठवलं? बारमास्तरांची मुलगी बार उडणार म्हणते तेव्हा तो नळीतला बार असतो. ती जन्मापासून कारखान्याला आमच्याकडे म्हणत आली, जसं आपण अप्पांच्या खिडकीला आमची खिडकी म्हणायचो. लॉट संपला, शेवटची नळी आली, ती आज तपासणार. कदाचित कारखान्याची ती शेवटचीच. तिला तू शेजारी हवा होतास.

आणि लॉटच्या शेवटच्या नळीचा बार उडवायची दोरी बारमास्तर स्वतः ओढत नाहीत, हे मी सांगायला हवं का? ज्याला आपला मानायचं त्याच्या हातात देतात. तिच्या थोरल्या बहिणींचे नवरे आधी त्या दोरीपाशी उभे राहिले आणि मग लग्नाला. मावशी हसत होती ती त्याला.

काहीतरी होऊन तू गेला असशील, एवढीच आशा धरून बसले आहे. गेला नसशील तर हे वाचताक्षणी जा. आधी मास्तरांकडे.

रागावले आहे, म्हणजे माया शाबूत आहे.
तुझी ताई


दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो नव्हतो.

तुझं पत्र काल मिळालं, पण त्यातलं सगळं मला शनिवारी संध्याकाळीच कळलं होतं. अप्पा आले, हातपाय धुतले आणि विचारलं की तू का नव्हतास. मी म्हटलं, लग्नाला जाऊन काय करू. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, नळीतून बघतात तसं, एक डोळा बारीक करून. मग शांतपणे म्हणाले की कसलं लग्न.

त्यांनी सांगितलं तेवढं तुला सांगतो. सगळे लोक भिंतीच्या अलीकडे उभे होते. बार उडताना कान बसू नयेत म्हणून तोंड उघडं ठेवतात, तशी सगळ्यांची तोंडं उघडी. पुतण्यालाही तिनेच तसं करायला सांगितलं. तो जेवायला जायचा कारण इथल्या खानावळीचं त्याच्या पोटाला सोसत नव्हतं, आणि त्याला बायको आहे. मास्तर दोरी धरून थांबले. ती रस्त्याकडे बघत होती. कोर्टाच्या साहेबाने घड्याळ काढलं तेव्हा मास्तरांनी दोरी अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ओढली. नळी टिकली. मग नळी गार होऊ देऊन अप्पा आपल्या खिडकीपाशी गेले आणि आतली रेघ बघितली. सरळ होती. नळी वाकडी निघाली असती तर बंद पडायला काही कारण तरी मिळालं असतं, असं म्हणाले.

सोमवारी निकाल लागला. गिऱ्हाइकाने नाव तेवढं घेतलं. इमारतीचं कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं गोदाम होईल, कुणी म्हणतं दुरुस्तीपुरती चार माणसं ठेवतील. नळ बसवणाऱ्या एकाने अप्पांना बोलावलंय. अप्पा म्हणतात, पाणी वाकड्या नळीतूनही जातं, तिथे माझं काय काम.

मी रविवारीच तिच्याकडे गेलो होतो. ती पायरीवर आली, आत बोलावलं नाही. म्हणाली की शनिवारी रात्री अप्पांनी मावशीला सांगितलं, मावशीकडून तिला कळलं, तेव्हा ती आधी हसलीच, की बंदुकीच्या घरातल्या पोराने बाराचं लग्न केलं. त्या चुकीचं तिला काहीच वाटलं नव्हतं. उलट ती आयुष्यभर सांगत सुटली असती. पण लिलाव आणि बोली, हे मी चुकून ऐकलेलं नव्हतं, मी ते स्वतः जुळवून बोललो होतो. तिच्या बापाला आयुष्यभरात बाराचे इतके आवाज ऐकून जेवढं लागलं नाही तेवढं त्या एका वाक्याने लागलं. ते आता बाहेर पायरीवर बसत नाहीत. एरवी ती मला बघू द्यायची नाही ते तळवे या वेळी उघडेच होते. रंग उतरायला लागलाय. मी क्षमा मागितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली की क्षमा तिच्याजवळ मागून उपयोग नाही, मागायची तर बापाजवळ. आणि मिळाली तरी आपलं काही होणार नाही, हे धरून चाल.

मास्तर आणि ती आज थोरलीकडे राहायला निघालेत, कायमचे. गल्लीत टेम्पो उभा आहे, इथून हॉर्न ऐकू येतो. मास्तर बाहेर येतील. वाक्य मी गल्लीत बोललो होतो, सगळ्या खिडक्यांसमोर, तेव्हा ते परत घ्यायचंही तिथेच, तेवढ्याच आवाजात, कारण त्यांना हळू बोललेलं ऐकू जात नाही. ती मला मिळावी म्हणून नाही. हे तिला पटेल की नाही मला माहीत नाही. तुला पटेल.

तिकडे येईन की नाही ते नंतर कळवतो. भावोजींना ओळख तशीच ठेवायला सांग.

तू आहेस तशीच राहा, बाकी काही मागत नाही.
तुझा भाऊ

ता. क. आई विचारतेय कुठे निघालास म्हणून. अप्पांनीच तिला सांगितलं की जाऊ दे त्याला. पत्र पाकिटात घालून वाटेत पेटीत टाकतो. चप्पल घातली. निघालो, दार बाहेरून ओढून घेतो.