लाइट आली तेव्हा

बीड
शुक्रवार, ११ जुलै २०२५

बायनाआक्का,

रईस फिटरचा तुम्हाला सलाम, वनमालाला दुवा. इकडं आम्ही मायलेकरं बरी आहोत. पावसाळी हवेत अम्मीचे गुडघे धरतात, पण तोंड चालू असतं, म्हणजे काळजी नाही. मी आता जालना रोडच्या गॅरेजात ट्रॅक्टरची कामं करतो. जिनिंगमधून मला कमी केलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. निदान खोकताना कापूस निघत नाही.

परवा अस्मा वकील भेटल्या. मालकानं अपिलाचा विचार सोडून भरपाई कोर्टात भरली, असं म्हणाल्या. लई बरं झालं. वनमालाचं नर्सिंगचं वर्ष आता अडायचं नाही.

मागच्या महिन्यात तुम्ही एसटीनं आमच्या घरी आलात. शेंगांची पिशवी अम्मीपुढं ठेवून म्हणालात, "मदिनाबी, तुमच्या पोरानं खरं बोलून माझं घर राखलं." अम्मीच्या डोळ्यांला पाणी आलं. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो तो तुम्ही निघेपर्यंत बाहेर आलो नाही. तुम्हाला वाटलं असंल, लाजतोय.

त्यानंतर मी तीनदा चकलांब्याला निघालो. दोनदा गेवराईच्या स्टँडवर चहा पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा तुमच्या फाट्यावर उतरलो अन् समोरून येणाऱ्या गाडीत बसून माघारी आलो. तोंडानं होईना म्हणून कागद घेतला.

दावा तुम्ही तुमच्या बाजूनं पाहिला. माझ्या बाजूनं तो कसा होता ते सांगतो, म्हणजे सगळं क्रमानं येईल.

तुमचा हात गेल्यावर चौथ्या दिवशी मॅनेजर रविराजनं मला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद पुढं सरकवला. "सही कर बे. काय न्हाई, विम्याच्या लोकांला द्यायचाय." मी वाचला. त्यात लिहिलं होतं, की सरकी पुढं ढकलणाऱ्या स्क्रूवरची लोखंडी जाळी बायनाबाईनं स्वतःच्या मर्जीनं काढली, अन् फिटर म्हणून मी तिला दोनदा हटकलं. आक्का, नट कुठल्या बाजूनं फिरतो हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. तरी मी सही केली.

जाळी मी काढली होती, आठ दिवस आधी. त्या हंगामात कापूस ओला येत होता, सरकी गुंतून स्क्रू घडीघडी अडायचा. रविराज म्हणाला, "दर टायमाला नटा खोलत बसतो का? ठेव ती जाळी बाजूला. बाया हातानं मोकळं करतील." मी पाना लावला, जाळी काढली अन् भिंतीला टेकवून ठेवली. एवढं तुम्ही कोर्टात माझ्या तोंडून ऐकलंय.

पुढं जिनिंगमध्ये अस्मा वकिलांचं नाव निघायला लागलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या मुस्तकीम फळवाल्याची पोरगी. रविराज हसायचा. मालकानं कोर्टात आधी लिहूनच दिलं होतं, की ही बाई आमची कामगार नाही, हजेरीच्या रजिस्टरात तिचं नाव नाही. नाव नव्हतंच. तुम्हा बायांची हजेरी मुकादमाच्या वहीत असायची अन् हंगाम संपला की वही गायब. पण अस्मा वकिलांनी सरकारी दवाखान्यात चार दिवस खेटे घालून तुमचा पहिला केसपेपर काढला. जिनिंगमध्ये काम करताना मशीनमध्ये हात गेला, असं डॉक्टरानं लिहिलेलं, अन् खाली आणणाऱ्याची सही, रविराजची. घाबरलेला माणूस खरं सांगून जातो. त्या दिवसापासून तो हसायचा थांबला. अन् लगेच माझ्या सहीचा कागद कोर्टात दाखल झाला.

मग अस्मा वकील आमच्या घरी आल्या. त्यांचा आवाज ऐकला अन् मी न्हाणीत शिरून कडी लावली, नळ सोडला. ऐकू सगळं येत होतं. त्यांनी अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा घेतला. निघताना न्हाणीच्या दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "खाला, रईसभाईंना सांगा, मी त्यांना धरायला आले न्हाई. त्यांच्या सहीचा कागद खरा असंल तर माझ्याकडं येऊ नका. खोटा असंल तर या. घाई न्हाई, पण लई येळबी न्हाई."

थोड्या वेळानं अम्मीनं दारावर थाप मारली. "बाई कब की गई. कितना नहाता रे? कागद पे क्या लिख के आया तू?"

मी तिला जाळीचं सांगितलं. जाळीचंच. तिनं न्हाणीतला नळ बंद केला. मग म्हणाली, "उस बाई के डब्बे की भाकर खाया तू." बस. नऊ हंगाम खाल्ली होती, आक्का. तिला कसं ठाऊक कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गेलो. वकिलांचं ऑफिस म्हणजे कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानामागची खोली, तुम्ही पाहिलीच आहे. बाकावर एक नेकनूरचा माणूस होता, एक पाय पिंढरीपासून नसलेला. "काहीबी झालं तरी कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा न्हाई, तुमचा भाऊ म्हणला तरी न्हाई," असं त्या त्याला समजावत होत्या. तो गेल्यावर मी जाळीची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी लिहून घेतली.

मग पेन खाली ठेवला. "रईसभाई, ह्या कायद्यात चूक कुणाची ते इचारत न्हाईत. कामावर असताना, कामापायी इजा झाली, एवढं दाखवलं की पुरे. पण कामगारानं जाणूनबुजून जाळी काढली असं ठरलं, तर मालकाला पळवाट मिळती. तुमच्या सहीनं ती पळवाट उघडलीय. तुम्हीच ती बंद करू शकता."

मी विचारलं, "अन् सोबतच्या माणसाची चूक असली तर?"

"तरी मालक सुटत न्हाई. का हो?"

"सहज."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आणखी काही सांगायचं हाय?"

"न्हाई," मी म्हणालो.

म्हणजे आक्का, गप्प बसायला तुमच्या दाव्याचं निमित्तसुद्धा माझ्यापाशी नव्हतं.

साक्षीचा दिवस तुमच्यासमोर झाला. मालकाच्या वकिलानं विचारलं, "कामावरून काढलं म्हणून सूड उगवतोस का?" मी म्हणालो, "साहेब, आज सकाळी हजेरी लावून आलोय." लोक हसले. संध्याकाळी नोकरी गेली.

त्या दिवशीचं एक मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अपंगत्वाच्या दाखल्यात डॉक्टरानं सरकारी तक्त्याप्रमाणं टक्के लिहिले होते, अन् मालकाचा वकील तेवढ्यावरच अडून बसला होता. अस्मा वकील उभ्या राहिल्या. "साहेब, ही बाई कापूस येचती, खुरपती, बांधावरचं गवत कापती. यातलं एका हातानं काय हुतं, ते समोरच्यांनी सांगावं. दाखल्यात तिचा हात मोजलाय. तिचं काम कुणी मोजलं न्हाई." तुम्ही पदराखाली हात झाकून उभ्या होतात, ताठ. साहेबांनी चष्मा काढून तुमच्याकडं पाहिलं. तेव्हाच मला वाटलं, दावा आपला झाला.

बाहेर लिंबाखाली तुम्ही माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला अन् म्हणालात, "तू व्हतास म्हणून."

वनमाला, हे पत्र तू आईला वाचून दाखवत असशील. इथून पुढचं आधी मनात वाच. मग आईला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुम्ही कोर्टात सांगितलंत, "लाइट गेलती म्हणून मी अडकलेली सरकी काढत व्हते. लाइट आली अन् हात गेला." सगळे हेच सांगतात. सगळ्यांच्या आधी हे मी सांगितलं होतं, तुम्हाला जीपमध्ये घालताना. आक्का, लाइट आली म्हणून ती मोटर आपोआप फिरत नाही. लाइट गेली की स्टार्टर पडतो. लाइट आल्यावर कुणालातरी परत बटण दाबावं लागतं.

ते मी दाबलं.

पॅनल भिंतीआड होतं. दाबायच्या आधी चार पावलं पुढं येऊन बघायचं, "हात काढा गं बायांनो" अशी हाळी द्यायची, हे माझं काम. नऊ हंगाम दिली. त्या दिवशी फोन कानाला होता. एका जुन्या मोटारसायकलचा सौदा चालला होता. लाइट आली, रविराज ओट्यावरून ओरडला, "चालू कर बे!" अन् मी बोलता बोलता मागं हात नेऊन बटण दाबलं. वळून पाहिलं नाही. तुमचं ओरडणं मला आधी फोनमधलं वाटलं.

एवढंच आहे. अडीच वर्षं एवढंच होतं.

"माफी मागायला लिहीत नाही" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. मागतोच आहे, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही ती द्यावी असा आग्रह नाही. हा कागद पोलिसात द्यायचा असंल तर द्या. अस्मा वकिलांकडं न्यायचा असंल तर न्या. मी नाकारणार नाही. ही सही कुणी सांगितली म्हणून केलेली नाही.

तुमचा अपराधी,
रईस ख्वाजा शेख

---

चकलांबा
२ ऑगस्ट २०२५

रईस,

वनमाला लिहिती, मी सांगती.

तुझं पत्र येऊन लई दिस झाले. वनमालानं मधनंच मोठ्यानं वाचायचं थांबवलं अन् चुलीपाशी जाऊन बसली. मी म्हणलं, वाच. वाचंना. म्हणलं, तुझ्या बापाच्या मागं मी समदं ऐकलंय, हेबी ऐकीन. मग वाचलं. मी दोनदा वाचाय लावलं.

तुला एक ठाऊक न्हाई. अडीच वरीस मला वाटत व्हतं, माझंच चुकलं. लाइट कवाबी येती हे ठाऊक असून मी हात कशापायी घातला? कोर्टात जिंकले तरी मनात हेच. अस्मा वकिलीणबाई म्हणायची, बायनाबाई, तुमचा दोष न्हाई. मला वाटायचं, वकील हाय, आपल्या बाजूनंच बोलणार. सोयरे म्हणायचे, नशीब. मी म्हणायची, नशीब कशाचं, माझा येडेपणा.

आन् तुला समदं ठाऊक व्हतं.

बटन दाबलं त्याचा राग हाय. पर तसं माणसाच्या हातून हुतं. तू मला माझ्याच दोषाखाली बसू दिलंस, त्याचा राग त्याच्यापरीस लई मोठा हाय. त्या दिशी लिंबाखाली मी तुझ्या डोक्यावर हात ठिवला, तवा तरी बोलायचं व्हतंस.

पोलिसात द्यायचं का, म्हणून वनमाला इचारती. न्हाई द्यायचं. हा राग माझा हाय, कुण्या साहेबापुढं न्यायचा न्हाई. अस्माबाईला मातर सांगणार. ती माझ्यासाठी दवाखान्याचे जिने चढली, तिच्यापासून मी झाकून ठिवणार न्हाई. ती तुला बोलवील, तवा जा. न्हाणीत शिरू नको.

आत्ता ये म्हणत न्हाई. पोळा होऊ दे. मग ये. दळणाचा डबा एका हातानं डोक्यावर चढत न्हाई, अन् शेजारणीला किती दिस हाक मारू. तू आणून देत जा. मी तुझ्याशी बोलीन का न्हाई, ते सांगता येत न्हाई.

मदिनाबीला ह्यातलं कळलं नसंल तर तूच सांग. दुसऱ्याकडनं कळू देऊ नको.

बायनाबाई

आईनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं आहे. आता माझं.

आईला वाचून दाखवायचं की नाही हे तुम्ही माझ्यावर टाकलंत, ते चुकीचं होतं. मी अर्धा तास चुलीपाशी बसून ते पान जाळावं का, याचाच विचार करत होते.

वाचल्यावर आई ओट्यावर बसून मोठ्यानं रडली. हात गेला तेव्हा ती रडली नव्हती. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "म्हंजे मी येडी न्हवते."

मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आमच्या इथली गिरणी रविवारी सकाळी नऊला सुरू होते.

वनमाला